तीन तास थांबलेलं विमान

विमलताई : सोमवारी कळलं, किसनराव, अन् माही बहीण घरी यायले शुक्रवार उजाडला. त्याचा जाब कोणी द्यायचा?

किसनराव : सोमवारी मी कपाशीत होतो, ताई. तिकडच्या वकिलातीतून आपल्या सायबाचा फोन आला. म्हणे, तुमच्या बाई ज्या दवाखान्यात सैपाकाले होत्या, त्यावर गोळा पडला.

विमलताई : मंग चार दिवस काय केलं त्यानं? तक्रार लिहून आणली मी. तुमची सही पाहिजे फक्त.

किसनराव : सही नाही करत.

विमलताई : काहून? सरकारी माणसाचं भेव वाटते?

किसनराव : चूक माही होती. तिथं तिले सारे दीदी म्हणत. सायबानं मले नाव इचारलं, मी जया सांगतलं.

विमलताई : कौसल्या होती ती.

किसनराव : तुमच्या घरी. माह्या तोंडी लग्नात तांदळावर लिहिलेलंच नाव बसलं. पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरून निघालता, हे ध्यानातच नाही आलं. सायेब तिथं गोळीबारात तीन दवाखाने जया शोधत फिरला. बुधवारी त्याचा फोन आला, आवाज पार बसलेला. हातावर काही गोंदलं का, म्हणे. मी म्हटलं, मनगटावर विंचू.

विमलताई : पांढरकवड्याच्या बाजारात मीच बसवलं होतं तिले गोंदायले. माह्या मांडीवर रडली.

किसनराव : त्या विंचवावरून शवघरात सापडली. पण हवाईदलाचं विमान माणसं भरून निघायच्या बेतात होतं, अन् ते शेवटचं. सायबानं लढणाऱ्या दोन्ही बाजूंशी बोलून रस्ता मोकळा करवला. विमानवाल्यानं नाक्यापर्यंत चार जवान धाडले, अन् तीन तास थांबला. सायेब यातलं एक अक्षर बोलला नाही. तिच्या खोलीतली बाई त्याच विमानानं आलती, तिनं सांगतलं.

विमलताई : (कागदाची घडी घालत) आई म्हणे, लेकीचं तोंड पाह्यले भेटलं, हेच लय झालं.

किसनराव : त्या दोघांमुळं भेटलं.

विमलताई : मंग सायबाले सांगतलं का, चूक तुमची होती म्हणून?

किसनराव : सांगतलं. माफी मागतली. तो म्हणे, काका, दोन घास खाऊन घ्या आधी.

विमलताई : अन् विमानवाल्याले?

किसनराव : नागपूरले पेटी उतरवली तवा तो बाजूलेच उभा होता, तिले सलामी देत. मी पेटीकडंच पाहत राह्यलो. त्याच्याशी अजून एक शब्द बोललो नाही मी.