मटणाचा निवद कुणापुढं ठेवायचा

चाकणच्या बसथांब्यावर सुहासिनीताईंच्या पुढे दोघं होते : मटणाची पिशवी घेतलेल्या मोशीच्या अंबूबाई आणि त्याच गावातल्या जुन्या शिपायांच्या समाध्या कुणाच्या, ते धुंडाळणारे अनंत मास्तर. बस येईस्तोवर फुकटचं ऐकायला काय जातं, म्हणून ताईंनी कान तिकडे लावला.

“अंबूबाई, शेंदराची पुटं खरवडली, तर खाली नाव निघालं. तुम्ही पुजता ते तुमचे रंगराव नव्हेत. सावित्रीबाईंच्या घरचे गणुबुवा आहेत.”

“आन् आमचे आजेसासरे रंगराव?”

“शेजारच्या समाधीत. त्यांना सावित्रीबाई पुरणपोळी ठेवतात.”

“तिचं घर माळकरी हाय, मास्तर. म्हंजी आमी दर आखाडात माळकऱ्याला मटान वाढलं?”

“वाढलंत खरं.”

“पाप लागंल का वो?”

“ते काही दगडावर लिहिलेलं नाही.”

“आजच निवद हाय. ही पिशवी आता कुणाची म्हनायची?”

“न्यायानं रंगरावांची.”

“गणुबुवा इतक्या वर्सांत कुणाच्या अंगात आले न्हाईत, सपनात आले न्हाईत. लढाईवर काय खात व्हते?”

“मिळेल ते.”

“मग आता म्हातारपनी त्यांची सवय कशापायी मोडू?”

“आणि रंगराव?”

“त्यास्नी शेवटाला दात न्हवते. पुरनपोळीच बरी.”