खडीवरची गाढ झोप

(पारनेर तालुक्यातलं एक गाव, १९७३ चा उन्हाळा. निवृत्त शिक्षक सहादेव गुरुजी ओसरीवर वर्तमानपत्र घेऊन बसलेत. समोर दुष्काळी कामावर खडी फोडून परतलेली शेजारीण, गोजरबाई.)

गोजरबाई : म्हंजी मुंबईच्या त्या संशोधनवाल्या बाईंच्या पत्राला तुमी जबाबच धाडला न्हाई? चार म्हयनं झालं की, गुरुजी!

गुरुजी : लिहिला होता. पहिला मसुदा फार कोरडा वाटला. दुसऱ्यात 'सविनय' दोनदा आलं. मग राहिलंच.

गोजरबाई : अन् आमी पंधरा जनींनी हितं बसून सांगितल्यालं? झोप कशी लागती, जिवाला बरं वाटतं का, पोरं कुटं ठिवता?

गुरुजी : सगळं नीट लिहून कपाटात ठेवलंय.

गोजरबाई : म्हंजी आमचं काय दुकतंय ते कपाटाला कळलं.

गुरुजी : आज त्यांचा निष्कर्ष छापून आलाय. 'दुष्काळी कामावरच्या स्त्रिया शहरी स्त्रियांपेक्षा सुखी. खडी फोडल्याने गाढ झोप लागते, मन प्रसन्न राहते.'

गोजरबाई : आगं बया! मंग धाडा की त्या शहरातल्या बायांना हितं. दोन ढीग फोडल्याव अशी झोप लागंल, तिसऱ्या दिशीबी उटायच्या न्हाईत.

गुरुजी : पुढं आहे. 'शहरी स्त्रियांनी निद्रानाश कळवला. या गावातून एकही तक्रार नाही.'

गोजरबाई : एकबी न्हाई?

गुरुजी : उत्तरच गेलं नाही ना. त्यांनी ते 'तक्रार नाही' असं धरलं.

गोजरबाई : वा! आमचं सुख तुमच्या कपाटात पिकलं म्हना.

गुरुजी : शेवटची ओळ वाचवत नाही मला. 'कामावर मुलांसाठी सावलीची मागणी नसल्याने तशी शिफारस केलेली नाही.'

गोजरबाई : माज्या सुनंचं, चांगुणाचं पोर पाटीत निजतं, ढिगाच्या आडोशाला. काल सावली सरकली, अन् मुकादमानं तिला उटू दिलं न्हाई. पाठीव फोड आल्यात पोराच्या.

गुरुजी : मला बोलला नाहीत.

गोजरबाई : पोर उनात निजतं, ते बोलले हुते की. तवा ते चार म्हयन्याचं हुतं. तुमी लिवून बी घेतलं.

गुरुजी : ...आत्ता लिहितो. 'आपल्या पत्राचे उत्तर देण्यास विलंब झाला, त्याबद्दल'...

गोजरबाई : इलंब गेला उडत! आमी बोललो तेच कागुद घाला पाकिटात.

गुरुजी : त्यावर खाडाखोड आहे. शिवाय तुमच्या पंधरा जणींतल्या राहीबाईंनी मुकादमाला दिलेल्या शिव्या जशाच्या तशा उतरल्यात.

गोजरबाई : ऱ्हाऊ द्या. वाचून त्या बाईंची झोप तरी उडंल.

गुरुजी : निदान एक ओळ जोडतो. 'बायकांनी वेळेवर सांगितलं होतं. पाठवलं नाही ते मी.'

गोजरबाई : ती जोडा. अन् खाली नाव लिवा, सगळं. आता चला पोस्टात, मी येते संगं.

गुरुजी : चला. (पोस्टाच्या पेटीपाशी पोचल्यावर) थांबा, पत्ता एकदा बघतो.

गोजरबाई : वाटंत चार डाव बगितला. ही पेटी म्होरं हाय, चावत न्हाई. सोडा पाकीट.

गुरुजी : सोडलं. पडलं आत.

गोजरबाई : बरं झालं. पर तिकडनं काय हुईस्तवर पोर उनातच की.

गुरुजी : माझी ओसरी दिवसभर सावलीत असते. उद्यापासून इथे ठेवा त्याला. चांगुणा मधल्या सुट्टीत पाजून जाईल. फक्त... मला लहान मुलांशी नीट बोलता येत नाही.

गोजरबाई : त्याला तरी कुटं येतंय अजून.