बाळसं धरलं म्हणे

माझं माहेर सिद्धेश्वरच्या धरणाकडचं, दिलं वसमतकडच्या खेड्यात, आन् तिथल्याच अंगणवाडीत मी मदतनीस लागले. लेकरं गोळा करायची, खिचडी रांधायची, वजनं करू लागायची. वजन वाढलं की लेकरू बरं, एवढंच शिकले मी. तेच नडलं, ताई.

माझी प्रज्ञा कॉलेजात होती तवा तिला रक्ताची हगवण लागली. आमी म्हणलं मूळव्याध असंल, उष्णता असंल. ताक पाजलं, झाडपाला दिला. पोरगी वाळून काडी झाली. शेवटी नांदेडला नळी घालून तपासलं. डॉक्टर म्हणले, आतड्याला आतून सूज हाय, जखमा हायत, हे कोणाचं लागलेलं न्हाई, अंगातली ताकदच सोताच्या आतड्यावर उठली हाय. हा आजार दबतो, मुळातून जात न्हाई. गोळ्या मनानं बंद करू नका, मी सांगेन तशाच हळूहळू कमी करायच्या.

गोळ्यांनी रक्त थांबलं, आन् काय सांगू तुम्हाला, पोरीचे गाल गोल गोल झाले. माझी जाऊ दारातूनच वरडली, अगं बया, पोरीनं बाळसं धरलं की, आता पाव्हणे बोलवा! मी तिला अंगणवाडीच्या काट्यावर उभी केली. वजन वाढलेलं. घरी येऊन मी गोळ्या पिठाच्या डब्यामागं सारल्या. प्रज्ञा म्हणली, आई, काहून? असं एकदम सोडायचं न्हाई. मी म्हणलं, बरी झालीस आता, गोळ्या खाणारी पोरगी कोण करून घेईल? तिनं परत मागितल्या न्हाईत.

पाव्हणे यायच्या आधीच रक्त पुन्हा सुटलं, असं की थांबेना. मोठं आतडं काढावं लागलं. आता पोटावर पिशवी हाय, मैला तिच्यात येतो.

डॉक्टरांनी इचारलं, गोळ्या कोणी सोडल्या? खाटेवरून प्रज्ञा म्हणली, मीच सोडल्या, सर. ते तिच्यावर भडकले, आन् मी उभी राहून ऐकलं. नर्स म्हणली, मावशी, ते बाळसं न्हवतं, त्या गोळ्यांनी चेहरा फुगतो.

अहो, आमाला शिकिवलंय की, फुगलेलं लेकरू धष्टपुष्ट समजू नका, पायावर अंगठा दाबून खड्डा पडतो का बघा. लोकायच्या लेकरायचे पाय दाबले मी. माझ्या घरात गाल फुगले तर पाव्हण्यांची वाट बघत बसले.

गोळ्या मी सारल्या हे घरात अजून कोणाला ठावं न्हाई. ती बी इषय काढत न्हाई. कधी अंगणवाडीत येती, ओढणी पोटावर धरून, म्हणती, आई, माझं वजन कर की. मी म्हणते, काटा बिघडलाय गं.

काटा चांगला हाय, ताई.