अबोलीची फाती

साखळी गावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात आठ खुर्च्या होत्या आणि माणसं सहा. आजोबांचे ड्रॉप्स घ्यायला आलेल्या गौरवीने ती दोनदा मोजली. तिच्या शेजारी दोन जावा बसल्या होत्या.

"वयनी, आजही प्रेशर चढलं तर ऑपरेशन तिसऱ्यांदा पुढे जाणार."

"माझ्या हातात आहे का ते, अर्चना? मागच्या वेळी एकशे शहात्तर निघालं."

"म्हणून तर ध्यान कर म्हटलं! विपश्यनेचं काय झालं?"

"दहा दिवस मौन. तिसऱ्या दिवशीच आमटीत मीठ जास्त झालं. कोणीतरी सांगायला नको?"

"आणि तू सांगितलंस!"

"हळू सांगितलं गे."

"ओंकार म्हणून बघितलास?"

"मी सुरू केला की शेजारचा कुत्रा सूर धरतो."

"मोबाइलवरची ती बाई तरी बरी. डोळे मिटून समुद्र बघा म्हणते."

"समुद्र बघितला की मला बांगडे आठवतात. ती पिशवी दे. संध्याकाळी देवीला फाती द्यायची आहे."

पिशवीतून अबोलीची फुलं आणि ती गजऱ्यासारखी गुंफायला केळीचा दोर निघाला.

"मोतीबिंदूत दिसतं तुला?"

"बोटांना सवय आहे."

"आणि जपमाळ? ती करून बघितलीस?"

थोरल्या जावेने पुढचं फूल उचललं.

"वयनी?"

फुलामागे फूल दोरात बसत होतं.

"विमल गावस!" नर्सने दोनदा हाक मारली, मग प्रेशरचं यंत्र घेऊन तीच थोरलीच्या खुर्चीपाशी आली. पट्टा दंडाला बसला, तेव्हा कुठे बोटं थांबली.

गौरवीने मान वळवून आकडा वाचला. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी.