पात्यामागची पट्टी

आप्पा : झालं का तुझं? सकाळपासून त्या पट्टीला गोंजारत बसलीयेस. तुझ्या आईचं कपाट केलं तेव्हा मला इतका वेळ लागला नव्हता.

लेक : त्या कपाटाचं दार अजून लागत नाही, आप्पा. हे बघा. आधी या करवत-मशीनचं गार्ड, म्हणजे पात्यावरचं झाकण आणि मागची पट्टी, काढायचं म्हणजे पाना शोधा, खालचे दोन बोल्ट सोडा, टेबलाची मधली प्लेट उचला. परत बसवताना पट्टी पात्याच्या रेषेत आणायची, त्यात अर्धा तास. म्हणून एकदा काढलं की कोणी परत लावत नाही. आता ही खिट्टी ओढली की पट्टी आणि झाकण दोन्ही एकदम हातात. परत घातलं की खट्ट वाजतं. वाजलं म्हणजे बसलं.

आप्पा : आणि झाकण काचेचं केलंस?

लेक : जाड प्लास्टिक आहे. जुन्या पत्र्यातून लाकडातली चीर दिसायची नाही. दिसत नाही म्हटल्यावर माणूस झाकण उचलतो आणि वर बांधून टाकतो. तुम्ही सुतळीने बांधायचा.

आप्पा : चाळीस वर्षं बांधलं. अजून दहाच्या दहा...

लेक : बोला की. दहाच्या दहा बोटं शाबूत.

आप्पा : तसं नव्हतं म्हणायचं मला.

लेक : म्हणा हो. माझी आठ राहिली म्हणून घरात कोणी मोजायचंच नाही की काय?

आप्पा : जीभ तेवढी धारदार आहे तुझी. एक तारखेला जायचं नक्की?

लेक : नक्की. शोरूममध्ये गिऱ्हाइकांना सोफे दाखवायचे. बसून बघा, टेकून बघा. त्याला डावा हात लागत नाही.

आप्पा : पंधरा वर्षांची असल्यापासून रंधा धरतेयस. ते सोडून सोफे दाखवणार.

लेक : स्वतः काढलेलं गार्ड परत लावायचं ज्याला भान नाही, त्याने मशीनपाशी उभं राहू नये. दवाखान्यात तुम्हीच म्हणालात. त्या सकाळचं मला काही आठवत नाही, पण ते वाक्य पाठ आहे.

आप्पा : रागाने बोलून गेलो असेन.

लेक : खरं तेच बोललात. म्हणून तर हे करतेय. उद्यापासून आपले दोघं कारागीर मशीन चालवणार, निदान त्यांच्यावर तरी ही पाळी यायला नको. चला, एक फळी चिरून बघू. तुम्ही ढकला, मी पट्टीकडे बघते.

आप्पा : आजच कशाला? आधी पातं बदलू. पाच महिने पडून आहे, गंजलं असेल.

लेक : पुसून घेतलंय. ढकला.

(मशीन सुरू होते. फळी हातभर चिरली जाते आणि अडते. मशीन बंद.)

लेक : का थांबलात?

आप्पा : पट्टीला अडतेय. पुढे जात नाही.

लेक : म्हणजे रेषेत बसली नाही. थांबा, दोरा लावते. रेषेत तर आहे. पट्टी आपली जुनीच, भुश्शाच्या पोत्यामागे सापडली होती. मी फक्त तिची खालची पकड बदलली.

आप्पा : जुनी मशीन आहे. तिचे नखरे असायचेच. चल, जेवून घेऊ.

लेक : व्हर्निअर द्या इकडे. पट्टीची जाडी दोन पॉइंट आठ एमएम. आणि चीर... दोन पॉइंट चार.

आप्पा : मला त्यातलं कळत नाही.

लेक : सुतात सांगते. पट्टी एका सुताला जराशी कमी. चीर जेमतेम पाऊण सूत. जाड पट्टी बारीक चिरेत जाणार कशी? आपलं पातं सबंध एक सूत चीर काढायचं. हे ते पातं नाही. पुसताना माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आप्पा : असेल. पाती काय, बदलतोच आपण.

लेक : पाच महिन्यांत या मशीनला कोणी हात लावलेला नाही. आईने मेन स्विचला कुलूप घातलं होतं, ते काल निघालं. म्हणजे त्या सकाळी हेच पातं होतं. आणि हे पातं असताना गार्ड लावून एक फळी चिरता येत नाही.

आप्पा : पोरी...

लेक : मला नीट लावू द्या. खाचा पाडताना गार्ड मध्ये येतं, म्हणून मी ते काढलं आणि परत लावायला विसरले, असं तुम्ही सांगितलंत. आपल्या खाचा एका सुताच्या, कपाटाच्या पाठीचा प्लाय त्यात बसतो. या पात्याने पाडलेल्या खाचेत तो बसणारच नाही. खाचांसाठी हे पातं मी झोपेतसुद्धा लावणार नाही. कोणी लावलं, आप्पा?

आप्पा : मी.

लेक : कधी?

आप्पा : आदल्या संध्याकाळी. तू मापं घ्यायला गेली होतीस. बारीक पात्याने लाकूड कमी वाया जातं, मोटरवर ताण येत नाही, असं सांगून दुकानदाराने गळ्यात मारलं. पहिलीच फळी पट्टीला अडली. आता नवी पट्टी कोण करत बसणार, म्हणून जुनी काढली. झाकण तिलाच जोडलेलं, तेही निघालं. ठेवलं पोत्यामागे. सकाळी तुला सांगणार होतो.

लेक : सांगितलंत?

आप्पा : नाही. तूच विचारलंस, गार्ड कुठाय. मी चौकट ठोकत होतो. म्हटलं, चालव गं, चार फळ्यांचं तर काम. तू म्हणालीस, मागे पट्टी नसली तर चीर मिटते, लाकूड पात्याला आवळतं आणि उलटं अंगावर येतं. मी हसलो. म्हटलं, पुस्तकं वाचून कोणी सुतार होत नाही.

लेक : म्हणजे मी विचारलं होतं.

आप्पा : दोनदा.

लेक : पाच महिने मी डोकं फोडून घेतेय, की मी इतकी बेफिकीर कधी झाले. आणि मी दोनदा विचारलं होतं.

आप्पा : डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं. तुझी आई शेजारी उभी. माझ्या तोंडून निघून गेलं, तिनेच गार्ड काढलं होतं. वाटलं, तू शुद्धीवर आलीस की खरं सांगशील, मग व्हायचं ते होईल. तू डोळे उघडलेस, तर तुला काही आठवेना. उलट मलाच विचारायला लागलीस, माझं काय चुकलं म्हणून.

लेक : आणि तुम्ही सांगितलंत.

आप्पा : सांगितलं. तू मान हलवलीस आणि मी सुटलो. मग रोज ठरवायचो, आज बोलू. तू हे गार्ड करायला घेतलंस, तेव्हापासून तर जीभच उचलेना.

लेक : मूग गिळून बसलात. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. काका घरी येऊन म्हणाला, पोरीच्या जातीला मशीन दिलीच कशाला. तुम्ही तिथेच होतात, मान खाली घालून. मला वाटलं, तुम्हाला माझी लाज वाटतेय.

आप्पा : माझी मलाच वाटत होती.

लेक : बोटांचं मी एक वेळ सोडलं असतं. चूक होते माणसाकडून, तुमच्याकडून झाली. पण खापर माझ्या डोक्यावर फोडलंत, आणि मी ते वागवत राहिले. मी सुतारच नाही, असं मला पटायला लागलं होतं.

आप्पा : तू माझ्याहून चांगली सुतार आहेस.

लेक : ते आता नको, आप्पा. आता ऐकवत नाही.

आप्पा : मग शिव्या घाल. काहीतरी बोल मला.

लेक : आधी आत जाऊन आईला सांगायचं. मला सांगितलंत तसंच, पातं आणलंत तिथपासून. सारवासारव करायची नाही. मग काकाला फोन. मी शेजारी उभी राहीन, पण मध्ये एक शब्द बोलणार नाही.

आप्पा : ती मला घराबाहेर काढेल.

लेक : काढेल कदाचित.

आप्पा : आणि शोरूमचं?

लेक : मला माहीत नाही अजून. आईशी बोलून आलात की मी दोन एमएमची पट्टी कापते. या पात्याचं अंग एक पॉइंट सात, चीर दोन पॉइंट चार, ती बरोबर मध्ये बसेल. उद्या ते दोघं कामावर येणार, तोवर हे झालं पाहिजे.

आप्पा : मी कापतो ना पट्टी. फळीही मीच चिरून बघतो.

लेक : नाही. पहिली फळी मी चिरणार.

आप्पा : भीती वाटेल गं.

लेक : वाटेल. तुम्ही बटणाशी उभे राहा.

आप्पा : माझ्यावर भरवसा आहे?

लेक : नाही. पण बटणाशी कोणीतरी लागतं.