बाबागाडीतला अ‍ॅम्प्लिफायर

बेलग्रेडच्या ट्रॅममध्ये नेवेनानं शेजारच्या बाबागाडीत कौतुकानं डोकावून पाहिलं, तर आत दुपट्यात गुंडाळलेला गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर! गाडी धरून म्हातारा-म्हातारी बसले होते. हसू दाबून, मांडीवरच्या लेकीला थोपटत ती ऐकत राहिली.

"स्लावका, हा देऊन त्याच्या बदल्यात ती दुकानातली अ‍ॅम्प्लिफायरची डबी घ्यायची? तिला असा आवाज येणार आहे का?"

"नाहीच येणार, रातोमिर. म्हणून तर घ्यायची. तिला हेडफोन लागतो. तू वाजव, तूच ऐक."

"अगं, उभं आयुष्य लग्नांत वाजवलंय मी यावर!"

"त्यातली निम्मी जोडपी वेगळी झाली."

"ती काय माझ्यामुळे?"

"मी कुठं काय म्हटलं? पण खालच्या देसांकाबाई रोज संध्याकाळी झाडूच्या दांड्यानं छत ठोकतात, ते तुझ्याचमुळे."

"एकट्या बाईला तेवढाच विरंगुळा."

"आता नाही ठोकणार."

"हं. मग त्या बऱ्या आहेत हे आपल्याला कळणार कसं?"

"म्हणजे?"

"मंगळवारी ठोकलं नाही, तर तूच सूप घेऊन खाली धावलीस ना? तापानं फणफणल्या होत्या."

एक थांबा गेला. म्हातारीनं दुपटं नीट खोचलं.

"ऊठ. उतरू या."

"दुकान पुढच्या थांब्यावर आहे, स्लावका."

"माहितेय मला. घरी चल. आणि आज जरा मोठ्यानं वाजव. काल त्यांनी फारच हळू ठोकलं."