मागांच्या खडखडाटातलं बोलणं

आमचं गाव इचलकरंजी. कुणी गाव विचारलं की मी आधी तिथला आवाज सांगते, कारण गावाला दिवसरात्र मागांचा आवाज, खट खट खट खट, आणि आम्ही सहाजण राहायचो ती खोली मागांच्या शेडला लागूनच, मधे एक भिंत. वडील दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवायचे, आई तिथंच कांड्या भरायची, म्हणजे विणायला लागणारं सूत मशीनवर कांड्यांवर गुंडाळायची, आणि वीज गेली किंवा मालकानं माग बंद ठेवले की आमच्याकडं भाकरी आणि आमटीचं पाणी, पाणीच बरं का, डाळ त्यात शोधायला लागायची. रडगाणं गात नाही मी, पण लिहिताय तर हेही लिहा, इथल्या लोकांना वाटतं अमेरिकेत आलेले सगळे पुण्याच्या चांगल्या घरातनं आलेत.

तर त्या आवाजामुळं आमच्याकडं दोन तऱ्हेचं बोलणं होतं. घरात ओरडून. आणि कारखान्यात आत गेलं की ओरडूनही ऐकू येत नाही, मग तिथं ओठांनी. ओठ नीट हलवायचे, भुवया, डोळे, हनुवटी, सगळं बोलायचं, आणि चार माग पलीकडच्या माणसाला बरोबर कळायचं. आई डबा घेऊन दारात उभी राहायची आणि वडिलांना विचारायची, जेवणार का? आवाज नाही काही. वडील नुसतं बघायचे, आणि धागा सारखा तुटतोय, मालक बोललाय, आज जेवण जाणार नाही, एवढं सगळं तिला कळायचं, ती डबा खाली ठेवून तिथंच बसायची. हे लक्षात राहू द्या, मी परत इथं येणार आहे.

मी बी.ए. झाले. आमच्या सगळ्या नात्यात पहिली. वडिलांनी त्या दिवशी चालता माग थांबवला, मालक धावत आला, काय रे, धागा तुटला का? वडील म्हणाले, नाही, पोरगी बी.ए. झाली.

कॉलेजात नाटकात घेतलं ते घरात ओरडून ओरडून तयार झालेल्या माझ्या आवाजामुळंच, माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. मग पुणं, स्पर्धा, मग धंदेवाईक नाटक, बसचे दौरे, दोन सिनेमे, एकात वकिलाची बायको, एकात पोलीस हवालदार, आणि टीव्हीवर मालिका. काय सांगू तुम्हाला, दुपारी शूटिंगला सुनेला छळायचं आणि संध्याकाळी नाटकात मोलकरीण होऊन लोकांना हसवायचं. बाजारात बायका म्हणायच्या, अहो, त्या सुनेला जरा सुखानं राहू द्या की! बरं वाटायचं. लोक ओळखायचे.

मग २००१ साली यांना, म्हणजे माझ्या मिस्टरांना, कंपनीनं इकडं पाठवलं, कॉम्प्युटरवाले ते. म्हणाले, दोनच वर्षं गं. सगळ्यांचे नवरे हेच म्हणतात. आमची मुलगी केतकी नऊ वर्षांची होती. आलो जर्सी सिटीला, विसाव्या मजल्यावर, खिडकीतनं नदी, नदीपलीकडं मॅनहॅटन, आणि घरात इतकी शांतता की माझे कान दुखायचे. माझा व्हिसा नवऱ्याच्या मागनं आलेला, काम करायची परवानगी नाही. मग इथल्या मराठी मंडळात नाटकं केली. शाळेचा हॉल भाड्यानं घ्यायचा, तालीम रविवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये, आणि ऐनवेळी फोन यायचा, सॉरी काकू, ऑफिसमध्ये सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, आज नाही जमणार यार. मग त्याची वाक्यं पण मीच म्हणायची. एकदा एक पुण्याच्या बाई म्हणाल्या, तुमच्या बोलण्यात जरा तिकडची झाक येते, नाही? म्हटलं, येणारच, मी तिकडचीच आहे.

केतकीला माझी लाज वाटायची. वाईट पोरगी नाही ती, वय तसं. लिफ्टमध्ये, दुकानात, शाळेत, कुठंही मी तोंड उघडलं की, आई, व्हाय आर यू शाउटिंग? मी म्हणायची, ओरडत नाहीये गं, बोलतेय. ती पुढं चालायला लागायची. ज्या आवाजावर जन्म काढला तो इथं नको झालेला.

ग्रीन कार्ड आलं तेव्हा पन्नाशी जवळ आली होती. ट्रेन धरून मॅनहॅटनला ऑडिशनला जायला लागले. तिथं बाकावर आम्ही त्याच त्याच बायका, सगळ्यांना साडी नेसून बोलावलेलं, एक गुजराती बेन होत्या, त्या म्हणायच्या, आज आपण दुकानदार की आजारी? कारण कामं दोनच. आणि मिळालं तरी शेवटी नावं येतात ना पडद्यावर, त्यात काय, तर दुकानातली बाई, शेजारीण, रांगेतली बाई. भूमिकेला नावच नाही. तिकडं मोलकरणीलासुद्धा नाव होतं माझ्या. मला एवढंच हवं होतं, नाव असलेलं एक माणूस इथं उभं करायचं, मग घरी बसायला मी मोकळी. पण प्रत्येक ठिकाणी एकच ऐकायचं, छान, पण आवाज, हावभाव, सगळं लहान करा, अजून लहान. मी आवाज चोरून बोलायची तरी त्यांचा साउंडवाला कानावरचं काढून माझ्याकडं बघायचा. हे म्हणायचे, सोड ना आता, किती दमतेस. दमतच होते हो. पाय सुजायचे. पण सोडून करणार काय, विसाव्या मजल्यावर?

मग एका हॉस्पिटलच्या मालिकेत काम मिळालं. पेशंटची आई. नाव नाहीच. तीन वाक्यं होती. मला उभं राहायची जागा जमिनीवर चिकटपट्टी लावून दाखवली. आता आपण रंगमंचावर पाय ठेवताना काय करतो? मी सवयीनं वाकले, त्या चिकटपट्टीला हात लावला, कपाळाला लावला. तर एक मुलगी पळत आली, काही पडलं का तुमचं? कॉन्टॅक्ट लेन्स? मी काही बोलायच्या आत ती गुडघ्यावर, तिच्यामागनं लाइटवाला, मेकअपवाली, कुणीही हलू नका म्हणून ओरडा, सगळं युनिट जमिनीवर! आता नमस्कार केला हे कसं सांगायचं? मीपण त्यांच्याबरोबर शोधायला लागले. शेवटी म्हटलं, सापडली, सापडली, आणि डोळ्यात बोट घातलं.

मग सीन. मी पहिलं वाक्य बोलले आणि डायरेक्टरनं थांबवलं. परत. परत थांबवलं. मग तो आला, तरुण होता, गोड बोलून म्हणाला, आपण वाक्यं काढूनच टाकू, तुम्ही फक्त काचेबाहेर उभ्या राहा आणि मुलाकडं बघा. म्हणजे होतं तेवढंही गेलं. तोंडावर दाखवलं नाही, पण वाटलं, साडी बदलावी आणि ट्रेन धरावी. काचेपाशी गेले. आत खाटेवर तो मुलगा, म्हणजे नट, मशीनं लावलेली. त्याचं मला ऐकू येणार नाही, माझं त्याला नाही. आणि तिथं मला कारखान्याचं दार दिसलं. आई, हातात डबा.

मी त्याला ओठांनी विचारलं, जेवणार का?

त्याला मराठीचा म येत नाही, पण त्यानं माझ्याकडं असं बघितलं, आणि डोळे भरले त्याचे. कुणी कट म्हणेना. मग डायरेक्टर येऊन म्हणाला, काय विचारलंत त्याला? म्हटलं, जेवणार का म्हणून विचारलं. एवढंच? एवढंच. तो म्हणाला, यातलं काहीही लहान करू नका, तसंच्या तसं परत एकदा.

तो डायरेक्टर मला विसरला नाही. गेल्या वर्षी स्वतःचा सिनेमा करायला घेतला आणि मला बोलावलं. लाँड्रीत काम करणारी म्हातारी, पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे, आणि निम्मा सिनेमा कपडे धुायच्या मशीनांच्या आवाजात. म्हणाला, हिचं नाव अजून ठरलं नाही, तुम्ही सांगा. मी माझ्या आईचं सांगितलं, आक्काताई. सगळं युनिट महिनाभर ते म्हणायला शिकत होतं, आकाटाय, अकटाई, बाकावरच्या गुजराती बेनना सांगितलं तर पोट धरून हसल्या.

सिनेमा लागला तेव्हा इचलकरंजीला फोन केला. आईचे कान मागांनी कधीच नेले. म्हटलं, आई, तुझं नाव सिनेमात आलंय. ती म्हणाली, काय? परत सांगितलं. ती म्हणाली, कोण आलंय? केतकी शेजारी बसलेली, सोळा वर्षांची झाली आता. मला वाटलं उठून जाणार. तर म्हणाली, लाउडर, आई, तिला ऐकू नाही येत. मग मी ओरडले. विसावा मजला काय, खाली रस्त्यावर गेला असेल आवाज. तेव्हा आई म्हणाली, एवढ्या लांब कशाला नेलंस माझं नाव, दमलीस का गं?

दमले. खोटं कशाला बोलू? गुडघे गेलेत, आता त्या बाकावर बसवत नाही. तुम्ही एवढं ऐकून घेतलंत, तुमच्या लेकराबाळांचं भलं होवो. आणि एवढं नीट लिहा. २००८ साली अमेरिकेतल्या एका सिनेमाच्या शेवटी नावं आली, त्यात डाव्या बाजूला आक्काताई, आणि तिच्यासमोर उजव्या बाजूला, शालन चौगुले. पुढं बी.ए. नाही लिहिलं त्यांनी, पण ती मीच.